पोटात गेलं, पण अंगी लागलं का?

तोंड आलं, जिभेला तिखट सोसवेना, की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘बी-कॉम्प्लेक्स घे, दोन दिवसांत बरं वाटेल.’ औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पट्टी मिळते. गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते आणि मनात येतं, ही अंगी लागली की तशीच वाहून गेली? पट्टीच्या मागे बी-1, बी-2, बी-3, बी-5, बी-6, बी-12 अशी यादी असते. मधले आकडे कुठे गेले, हा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या माणसाला अशा गोळीची गरज पडतेच कशी?

या प्रकरणात तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधू; भर तिसऱ्यावर देऊ. त्यासाठी बी गटातलं एक जीवनसत्त्व हाताशी धरू: नायसिन, म्हणजे बी-3. पोट भरलेलं असूनही माणूस उपाशी कसा राहू शकतो, हे नायसिनच्या इतिहासाइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगत नाही.

1. एक नाव, आठ पदार्थ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावर बेरीबेरी या रोगाचा धुमाकूळ चालू होता. रोग्याचे पाय लुळे पडत, अंगावर सूज चढे, शेवटी हृदय थकून थांबे. क्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर त्यामागचा जंतू शोधत होता. 1890च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लडखडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायचा नाही, असा त्याचा बाणा. त्यानं भात बंद केला, कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या सावरल्या. जंतूचा पत्ता नव्हताच. पॉलिश करताना कोंड्याबरोबर काहीतरी निघून जात होतं आणि रोग त्या ‘काहीतरी’च्या अभावाचा होता. आइकमनला 1929 साली नोबेल मिळालं; अभावाचा अर्थ मात्र आधी त्याचा सहकारी खेरित खराइन्स याला उमगला होता.

कोकण-गोव्याच्या उकड्या तांदळाचा गुण इथे लक्षात येतो. भात सालीसकट उकडताना कोंड्यातली बी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात शिरतात. नंतर गिरणीत कितीही सडला तरी त्यातली बरीचशी आतच राहतात. उकडा तांदूळ खाणाऱ्या मुलखांत बेरीबेरी फारशी दिसली नाही, याचं कारण हे.

1912 साली कासिमिर फंक या शास्त्रज्ञानं अशा पदार्थांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवलं. स्निग्ध पदार्थात विरघळणारं ते ‘ए’ आणि पाण्यात विरघळणारं ते ‘बी’, अशी सुरुवातीची सोपी विभागणी होती. पण ‘बी’ तापवलं की त्याचा बेरीबेरीवरचा गुण जाई, मात्र दुसरे काही गुण शाबूत राहत. म्हणजे ‘बी’ हा एक पदार्थ नव्हता. त्याचे बी-1 आणि बी-2 असे दोन भाग झाले, मग बी-2चे आणखी तुकडे पडले. नवीन काही सापडलं की पुढचा क्रमांक मिळे. त्यातले काही पदार्थ पुढे जीवनसत्त्वं नाहीतच असं ठरलं आणि 4, 8, 10, 11 हे आकडे रिकामे राहिले. उरली ती आठ: थायमिन (बी-1), रायबोफ्लेविन (बी-2), नायसिन (बी-3), पँटोथेनिक आम्ल (बी-5), पायरिडॉक्सिन (बी-6), बायोटिन (बी-7), फोलेट (बी-9) आणि कोबालामिन (बी-12).

पिवळ्या लघवीचं उत्तर याच यादीत आहे. रायबोफ्लेविन मुळातच पिवळं असतं. शरीर गरजेपुरतं ठेवून घेतं आणि बाकीचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पिवळा रंग दिसला म्हणजे गोळी फुकट गेली असं नाही. गोळीत गरजेपेक्षा बरंच जास्त होतं, एवढाच त्याचा अर्थ.

2. चिमूटभर वस्तूवर एवढा डोलारा कसा?

माणूस दिवसाला पाव-अर्धा किलो धान्य खातो. नायसिन मात्र त्याला रोज 11 ते 16 मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे मिठाच्या बारीक चिमटीहूनही कमी. एवढ्याशा पदार्थावर जीव का अडतो?

इमारतीचा स्लॅब पडतानाची माणसांची रांग आठवा. खालून भरलेली घमेली हातोहात वर जातात, रिकामी खाली येतात. दिवसभरात कित्येक टन माल वर चढतो, पण घमेली असतात वीस-पंचवीसच. घमेल्याचा माल होत नाही. ते फक्त वाहून नेतं. आपल्या पेशीत अन्नातली साखर आणि चरबी पायरीपायरीनं फोडली जाते, तेव्हा त्यातून निघणारा हायड्रोजन उचलून ऊर्जा तयार करणाऱ्या ठिकाणी पोचवावा लागतो. हे काम करणाऱ्या घमेल्याचं नाव एनएडी आणि ते घमेलं नायसिनपासून बनतं. शरीरातली चारशेहून अधिक विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, त्याच्यावर किंवा त्याच्या जुळ्या भावावर, एनएडीपीवर, अवलंबून आहेत. घमेली पुन्हा पुन्हा वापरता येतात, म्हणून थोडी पुरतात. पण ती मोडतातही. पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करताना एनएडी खर्ची पडतं. म्हणून रोज थोडी भर हवीच.

गटातल्या बाकीच्यांची कामंही याच ओळीतली आहेत. बी-1 नसेल तर कर्बोदकांचं ज्वलन अर्ध्यावर अडतं. बी-2पासून दुसऱ्या प्रकारचं घमेलं बनतं. बी-5 आणि बायोटिन चरबीच्या घडामोडीत लागतात, बी-6 प्रथिनांच्या. फोलेट आणि बी-12 नव्या पेशींचा डीएनए घडवण्यात हातभार लावतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, ‘ताकदीची गोळी’ हा समज खोटा आहे. जीवनसत्त्वात स्वतःची ताकद नसते, ती अन्नात असते. घमेली पुरेशी असताना आणखी शंभर आणून ठेवली तर स्लॅब लवकर पडत नाही. दुसरी, कमतरता आधी तिथे जाणवते जिथे पेशी झपाट्यानं नव्या होतात किंवा ऊर्जा फार लागते: तोंडाचं अस्तर, आतडी, कातडी, रक्त, मज्जातंतू. म्हणून बी-2, बी-3, बी-6, फोलेट, बी-12 यांतलं काहीही कमी पडलं तरी जीभ लाल होऊ शकते, ओठांचे कोपरे फाटू शकतात. नुसत्या जिभेवरून नेमकं काय कमी आहे ते ओळखता येत नाही, म्हणून आठही जण एकाच गोळीत कोंबलेले असतात.

3. भरपेट मका खाणाऱ्यांचा रोग

कोलंबसानंतर अमेरिकेतला मका युरोपात आला. एकरी भरपूर पिकणारं, स्वस्त, पोटभरीचं धान्य. गरिबांच्या ताटात तो लवकरच एकटा उरला. 1735 साली स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्यानं एक नवाच रोग पाहिला. शेतमजुरांच्या हातापायांवर उन्हानं भाजल्यासारखे लाल चट्टे उठत. पुढे ते काळवंडत, भेगाळत आणि पापुद्र्यांनी सुटत. दोन्ही हातांवर अगदी सारखे. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटे. वैद्यकात त्याला आजही कासालचा हार म्हणतात. मागोमाग जुलाब आणि लालबुंद, सोललेली जीभ. मग झोप उडणं, उदासी, भ्रम, शेवटी मृत्यू. इटलीत या रोगाला पेलाग्रा हे नाव पडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पसरला. 1906 ते 1940 या काळात तिथे सुमारे तीस लाख माणसांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास दगावली, असा अंदाज आहे. कापसाच्या पट्ट्यातले खंडकरी, सूतगिरण्यांतले कामगार, अनाथाश्रम, वेड्यांची इस्पितळं ही त्याची ठिकाणं. बहुतेक डॉक्टरांना हा संसर्गजन्य रोग वाटे.

1914 साली अमेरिकी सरकारच्या आरोग्यसेवेनं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी पाठवलं. त्याला पहिल्याच फेरीत एक गोष्ट खटकली. इस्पितळात रोग्यांना पेलाग्रा होतो, पण चोवीस तास त्यांच्यात वावरणाऱ्या परिचारिका आणि नोकरांना होत नाही. जंतू माणसाचा हुद्दा बघून चावतो का? फरक जेवणात होता. रोग्यांना मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. नोकरांना त्यांखेरीज दूध, अंडी, मांस. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन इथल्या अनाथाश्रमांत त्यानं मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं वाढवली. रोग ओसरला.

मग उलटा प्रयोग. 1915 साली त्याच राज्यातल्या रँकिन तुरुंग-शेतावर काही धडधाकट कैदी शिक्षामाफीच्या बोलीवर पुढे आले. त्यांना सहा महिने मका, पॉलिशचा तांदूळ, मैदा, काकवी यांवर ठेवलं. शेवटपर्यंत टिकलेल्या अकरांपैकी सहा जणांना पेलाग्राची लक्षणं दिसली. तरीही टीकाकार हटेनात. तेव्हा 1916 साली गोल्डबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या नाका-घशातला स्राव स्वतःच्या नाका-घशाला लावला आणि विष्ठा, मूत्र व कातडीचे पापुद्रे पिठात कालवून चक्क गिळले. त्याची पत्नी मेरी हिनंही रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

यापुढचं काम जास्त महत्त्वाचं, पण त्याची चर्चा कमी होते. एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला बरोबर घेऊन गोल्डबर्गरनं साउथ कॅरोलायनातल्या सूतगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघरची मिळकत आणि घरोघरचा किराणा नोंदला. मिळकत जितकी कमी, तितका रोग जास्त. गिरणी मालकाच्या दुकानातून उधारीवर मका आणि काकवी मिळे. दूध, अंडी, मांस मिळायचं तर गाय बाळगायला हवी किंवा रोख पैसे मोजायला हवेत. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना हे ऐकून मिरच्या झोंबल्या. प्रांताला गरीब म्हणवून घेण्यापेक्षा त्यांना जंतू परवडला असता.

गोल्डबर्गर 1929 साली वारला तेव्हा अन्नातला तो नेमका पदार्थ त्याला सापडलेला नव्हता. पण बिअर बनवताना उरणारं स्वस्त यीस्ट रोग बरा करतं, हे त्यानं दाखवलं होतं. 1927च्या मिसिसिपी नदीच्या महापुरात रेड क्रॉसनं ते वाटलंही. 1937 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेम यानं ‘काळी जीभ’, म्हणजे पेलाग्राचंच कुत्र्यांतलं रूप, झालेल्या कुत्र्यांना यकृतातून काढलेल्या निकोटिनिक आम्लानं बरं केलं. हेच नायसिन. गंमत अशी की हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून बाटल्यांत पडून होता, आणि फंकनं बेरीबेरीचं औषध शोधताना तो तांदळाच्या कोंड्यातून वेगळाही काढला होता. बेरीबेरीवर त्याचा उपयोग होईना, म्हणून तो बाजूला पडला. तंबाखूतल्या निकोटिनशी त्याचं नाव जुळतं, पण गुणधर्म नाही; तंबाखू खाऊन नायसिन मिळत नाही.

4. मग मेक्सिकोत हा रोग का नव्हता?

मक्याचं मूळ घर मेक्सिको. तिथली माणसं हजारो वर्षं मका खात आली, पण पेलाग्रानं त्यांना युरोपसारखं कधी ग्रासलं नाही. कारण त्यांच्या स्वयंपाकघरात आहे.

तिथे मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच भिजू देतात, सकाळी चोळून धुतात, साल निघून जाते. मग ओलेच दाणे वाटून त्या लगद्याच्या पोळ्या थापतात. मक्यातलं बहुतांश नायसिन दाण्यातल्या दुसऱ्या मोठ्या रेणूंना घट्ट चिकटलेलं असतं. आपल्या पाचकरसांना ती गाठ सुटत नाही, त्यामुळे ते पोटातून तसंच निघून जातं. चुन्याच्या पाण्यात उकळलं की ती गाठ सुटते. युरोपीयांनी मक्याचं बियाणं उचललं, पाककृती मागेच राहिली.

इथे या प्रकरणातला पहिला धडा आहे. प्रयोगशाळेत दाणा तपासून निघालेला आकडा आणि अंगी लागणारा आकडा एक नसतात. कागदावर मक्यात नायसिन पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्त भरतं. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत एक्रॉइड आणि स्वामिनाथन यांनी 1940 साली हेच कोडं मांडलं: भात खाणाऱ्या गरिबाच्या पोटात मका खाणाऱ्यापेक्षा कमी नायसिन जातं, तरी पेलाग्रा मक्यावाल्यालाच का? त्याचं अर्धं उत्तर या गाठीत आहे. उरलेलं अर्धं पुढे.

5. दुधात नायसिन जवळपास नाहीच, तरी रोग बरा कसा झाला?

नायसिन सापडल्यावर लोकांनी गोल्डबर्गरच्या औषधांची तपासणी केली आणि चक्रावले. अर्धा लिटर दुधात नायसिन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. अंड्यात तर नावापुरतंच. आणि याच वस्तूंनी अनाथाश्रमातली मुलं बरी झाली होती!

1945 साली एल्व्हेमच्याच प्रयोगशाळेत उलगडा झाला. प्रथिनं वेगवेगळ्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपलं शरीर नायसिनमध्ये बदलू शकतं. 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून सुमारे 1 मिलिग्रॅम नायसिन, असा ढोबळ हिशोब आहे.

हा हिशोब करून पाहू. अर्धा लिटर दुधात साधारण 16 ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यांत 200 मिलिग्रॅमच्या थोडं वर ट्रिप्टोफॅन. 210 भागिले 60 म्हणजे साडेतीन मिलिग्रॅम. दुधातलं मूळचं अर्धा मिलिग्रॅम धरून चार झालं. नायसिन जवळपास नसलेल्या दुधानं दिवसाच्या गरजेचा चौथा-तिसरा हिस्सा भरून काढला.

पूर्ण दिवसाचा अंदाजही असाच बांधता येतो. मिश्र आहारातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन साधारण शंभरात एक भाग असतं. दिवसभरात 60 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली तर 600 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन, म्हणजे 10 मिलिग्रॅम नायसिन. त्यावर मूठभर, 30 ग्रॅम, शेंगदाणे खाल्ले तर त्यांतलं तयार नायसिनच साडेतीन मिलिग्रॅमच्या घरात जातं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते 12 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मासे, चिकन, यकृत यांतही भरपूर असतं.

मक्याचं दुर्दैव आता पुरतं कळतं. त्यातलं नायसिन बांधलेलं आणि प्रथिनांत ट्रिप्टोफॅनही तोकडं. तांदळात नायसिन कमी, पण ते मक्याइतकं घट्ट बांधलेलं नाही, आणि प्रथिनांत ट्रिप्टोफॅनचा वाटा मक्यापेक्षा बरा.

एक अट मात्र आहे. शरीर ट्रिप्टोफॅन आधी स्वतःची प्रथिनं बांधायला वापरतं, उरलेलं नायसिनकडे वळवतं. आणि हे रूपांतर करायला बी-6 आणि बी-2 लागतात. म्हणजे बी-3ची कमतरता प्रत्यक्षात बी-6च्या तुटवड्यातूनही उद्भवू शकते. क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिड या औषधाबरोबर डॉक्टर बी-6ची गोळी देतात, त्याचंही कारण असंच आहे. ते औषध बी-6चं काम अडवतं. त्यातून हातापायांना मुंग्या येतात आणि क्वचित पेलाग्राही होतो.

6. जोंधळ्याचं कोडं

मक्याचा हिशोब लागला असं वाटत असतानाच दख्खनच्या पठारावरून नवा प्रश्न आला. हैदराबादच्या परिसरात, जिथे ज्वारीच मुख्य धान्य होती तिथे, पेलाग्राचे रोगी दिसत होते. मनोरुग्णालयांतही ते सापडत, कारण भ्रम हे या रोगाचं एक लक्षण. आपला मराठवाडा 1956पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग आणि जोंधळ्याचाच मुलूख. त्यामुळे हे कोडं आपल्या उंबऱ्यातलं आहे.

ज्वारीत नायसिन मक्यासारखं बांधलेलं नाही आणि ट्रिप्टोफॅनही मक्याइतकं तोकडं नाही. मग अडतं कुठे? पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालक झालेले डॉ. सी. गोपालन यांनी डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांच्यासोबत 1960 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक वेगळा अंदाज मांडला. ज्वारीच्या प्रथिनांत ल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल फार असतं. ते प्रमाणाबाहेर झालं की ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवण्याच्या वाटेत अडथळा येतो. पुढच्या संशोधनात बी-6 दिल्यावर ल्यूसिनचा हा परिणाम कमी होतो असंही दिसलं. या अंदाजावर वादही झाले, कारण दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या प्राण्यांत तोच परिणाम दर वेळी दिसला नाही. आज बहुतेक अभ्यासक म्हणतात की एकट्या ल्यूसिनवर सगळा दोष टाकता येणार नाही. बी-6, बी-2 आणि एकूण प्रथिनं यांची टंचाईही त्यात होती.

म्हणून भाकरी सोडायची का? मुळीच नाही. दोष भाकरीत नव्हता, भाकरीबरोबर काय होतं यात होता. पिठलं, वरण, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक यांपैकी दोन गोष्टी ताटात आल्या तर ट्रिप्टोफॅन, बी-2, बी-6 आणि तयार नायसिन सगळंच येतं. दुष्काळात भाकरीसोबत मीठ-मिरचीच उरते, तेव्हा ज्वारीची उणीव भरून काढायला ताटात दुसरं कुणी नसतं. दख्खनच्या जेवणात वैविध्य आलं तसा पेलाग्रा हटला. आता तो क्वचितच दिसतो, आणि दिसला तर बहुधा दारूच्या व्यसनात जेवण सुटलेल्या माणसात.

7. परळची प्रयोगशाळा, गिरणगावातल्या बाया

बी गटातल्या एका मोठ्या शोधाचा धागा मुंबईतून जातो. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांतल्या गरीब बायकांना गरोदरपणात जीवघेणा रक्तक्षय होत होता. लोहानं तो हटत नव्हता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्सनं या बायकांचं खाणं तपासलं, आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले. त्यांत मार्माइट, म्हणजे यीस्टचा खारट काळपट अर्क, गुणकारी ठरला. बायकांना दिला, त्यांचं रक्त भरून आलं. 1931 साली तिनं हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या अर्कातला पदार्थ म्हणजे फोलेट. 1941 साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत तो प्रयोगशाळेत घडवणाऱ्या चमूचं नेतृत्व यल्लाप्रगड सुब्बाराव या तेलुगू शास्त्रज्ञाकडे होतं. आज गरोदर बाईला पहिल्या तपासणीपासून फोलिक आम्लाची गोळी मिळते, तिच्या मुळाशी गिरणगावातल्या त्या बाया आहेत.

8. एकाची भर, दुसऱ्याची तूट

फोलेट आणि बी-12 जोडीनं काम करतात. पण बी-12चा स्वभाव गटात सगळ्यांत वेगळा. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात; आपल्याला मिळतं ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. पालेभाज्या, धान्यं, कडधान्यं यांत ते नसतं. स्पिरुलिनासारख्या शेवाळात बी-12 असल्याची जाहिरात होते, पण तो बहुतांशी दिसायला तसा, शरीराला निरुपयोगी पदार्थ असतो. दिवसाची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम आणि यकृतात साठा काही वर्षं पुरेल एवढा. म्हणून तूट उशिरा कळते. तोवर मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू झालेला असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालवला. जवळपास दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-12 कमी होतं. आणि ज्या मातांत बी-12 कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव कमी पडल्याची चिन्हं अधिक दिसली. मधुमेहाची वाट तिथून सुरू होऊ शकते.

मोठ्या माणसातही अशीच फसगत होते. बी-12 कमी असताना नुसतं फोलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारतं, अहवाल बरा येतो. मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. आठांतल्या एकालाच फुगवण्याचा हा धोका आहे.

9. गोळी कुणाला, आणि स्वयंपाकघरात काय?

नायसिन या गटातलं सगळ्यांत चिवट. आच आणि उजेड त्याचं फारसं बिघडवत नाहीत. उकळून पाणी ओतून दिलं तरच ते जातं. बी-1 उष्णतेनं नासतं आणि डाळ लवकर शिजावी म्हणून टाकलेल्या खाण्याच्या सोड्यानं आणखी लवकर. बी-2 उजेडात टिकत नाही. दूध पारदर्शक भांड्यात उन्हात ठेवू नये. फोलेट फार उकळलेल्या भाजीतून जातं. तांदूळ चारदा चोळून धुणं, पेज किंवा भाजीचं पाणी मोरीत ओतणं, यानं सगळ्यांचंच नुकसान होतं.

गोळी खरोखर लागते ती अशांना: गरोदर स्त्री, दूधही न घेणारे शाकाहारी, जठराचा रोग असलेले किंवा वृद्ध, ज्यांना बी-12 शोषता येत नाही, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणारे मधुमेही, क्षयाच्या औषधांवरचे रोगी, अति मद्यपान करणारे. यांनीही रक्ततपासणी आणि डॉक्टरच्या सल्ल्यानं घ्यावी.

जास्त घेतली तर बिघडत नाही, हाही गैरसमज आहे. निकोटिनिक आम्लाच्या मोठ्या मात्रेनं चेहरा लालबुंद होऊन खाज सुटते. ग्रॅमच्या मापात घेतलं तर यकृताला इजा होऊ शकते. ग्रॅमभर मात्रेत ते कोलेस्टेरॉल कमी करतं हे 1955 पासून माहीत आहे. पण स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची औषधं चालू असलेल्या रोग्यांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत हृदयविकार त्यानं आणखी कमी झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. बी-6 मोठ्या प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर ज्या मुंग्या थांबवायच्या त्याच उद्भवतात. आणि वरचेवर तोंड येण्याची कारणं बहुधा दुसरीच असतात: दात लागणं, ताण, तंबाखू, काही औषधं. आठ-दहा दिवसांत फोड आपोआप भरतात आणि श्रेय गोळीला मिळतं. तीन आठवडे न भरणारी जखम मात्र गोळ्यांवर न काढता डॉक्टरला दाखवावी.

अमेरिकेत 1941 पासून पिठात नायसिन, थायमिन, लोह मिसळलं जाऊ लागलं. त्याच सुमारास मिळकतही वाढली, आणि पेलाग्रा संपला. आपल्याकडेही रेशनच्या तांदळात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 मिसळायला सुरुवात झाली. हे चांगलंच आहे, पण त्यातून तीन उणिवा भरतात, ताटातला एकसुरीपणा तसाच राहतो. गोल्डबर्गरला नायसिनचं नावही माहीत नव्हतं. तरी दूध, अंडी आणि कडधान्यं मिळाली तर हा रोग राहत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. अडत होतं ते त्यांच्या किमतीपाशी. धान्य रेशनवर मिळतं. डाळ, शेंगदाणे आणि दूध बाजारभावानं विकत घ्यावे लागतात, आणि हात आखडला की घरात आधी त्यांनाच कात्री लागते. कुपोषणाचा हिशोब मांडताना कुणी किती धान्य खाल्लं हे विचारून पुरत नाही. कालवण काय होतं, ते विचारायला हवं.